तांदूळ निवडायची वेळ

गेल्या महिन्यात या पानावर मी एकांना दीर्घ श्वसन सांगितलं होतं. त्यावर बार्शीहून एका बाईंचं पोस्टकार्ड आलं. ‘ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दहा वेळा दीर्घ श्वास घेतला. डोळे उघडले तर सासूबाई तिथेच होत्या.’ ते कार्ड मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. मिरजेत ३१ वर्षं मानसशास्त्रज्ञ म्हणून काम केलं, पण माझ्या कामाची इतकी नेमकी झाडाझडती कुणी घेतली नव्हती.

या वेळची तीन पत्रं तीन वेगळ्या वयांच्या माणसांची आहेत. तिघांनाही जवळच्या माणसांनी एकच औषध दिलंय, ‘विचार करू नका.’ या औषधाशी माझं जुनं वैर आहे. त्यामुळे उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : मी ४८ वर्षांची आहे, पतसंस्थेत नोकरी करते. चार-पाच महिने झाले, रोज पहाटे तीनला जाग येते आणि डोक्यात गिरणी सुरू होते. मुलगा हिंजवडीला आहे, त्याच्या कंपनीत माणसं कमी करतायत. घराचे हप्ते अजून नऊ वर्षं आहेत. नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यात माझ्या तोंडून एक वाक्य गेलं, ते तिला लागलं असेल का? गॅस बंद केला का? मिस्टर म्हणतात, ‘नको ते विचार करू नकोस, झोप,’ आणि कूस बदलून घोरायला लागतात. मीही मनाला बजावते, पण विचार जास्तच येतात. आता दिवसा काउंटरवर आकडे चुकायला लागलेत. काय करू?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आधी एक गंमत करा. हे मासिक बाजूला ठेवा आणि एक मिनिटभर पांढऱ्या अस्वलाचा विचार अजिबात करू नका.

आलं ना अस्वल? आयुष्यात कधी पांढऱ्या अस्वलाशी तुमचं काही देणंघेणं नव्हतं, तरी आलं. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना नेमकं हेच करायला लावलं होतं. पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहायचं, पण पांढरं अस्वल मनात आणायचं नाही. आलंच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. पुढची मेख अशी, की नंतर त्याच मुलांना ‘आता खुशाल अस्वलाचा विचार करा’ म्हटल्यावर, ज्यांना आधी मनाई नव्हती त्यांच्यापेक्षा यांच्या डोक्यात अस्वलं जास्त आली.

यामागचं गणित साधं आहे. एखादा विचार आत येऊ द्यायचा नाही म्हटलं, की मनाला दारात वॉचमन बसवावा लागतो. वॉचमननं चोर ओळखायचा तर त्याच्या हातात चोराचा फोटो हवा. म्हणजे ज्याचं तोंड बघायचं नाही, त्याचाच फोटो रात्रभर हातात. दिवसा पतसंस्थेच्या गडबडीत मनाकडे दुसरी कामं असतात. पहाटे तीनला बाकी सगळे झोपलेले आणि हा एकटा जागा. तेव्हा मिस्टरांचा सल्ला मायेचा असला, तरी तो वॉचमन वाढवण्याचा सल्ला आहे. (त्यांच्या घोरण्याबद्दल मी काही बोलत नाही.)

मग करायचं काय? माझ्या वाईच्या आत्याचं सांगते. दोन दिरांचं एकत्र कुटुंब, नवरा अंथरुणाला खिळलेला, मधला मुलगा दोनदा घरातून पळून गेलेला. काळज्यांची तिला ददात नव्हती. पण सकाळी कुणी काही रडगाणं घेऊन आलं, की ती चुलीवरून मान वर न करता म्हणायची, ‘आत्ता नको. तांदूळ निवडताना बघू.’ दुपारी भांडी झाल्यावर ती सोप्यात सूप घेऊन बसायची. खडे काढायची आणि तोंडानं पुटपुटायची. मुलाचं, उसाच्या बिलाचं, जावेचं. मध्येच डोळे पुसायची. आम्हा पोरांना तेव्हा जवळ जायची परवानगी नव्हती. अर्ध्या तासानं उठायची, ओचा झटकायची आणि चहाचं आधण ठेवायची. पुन्हा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या विषयाला घरात बंदी.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात टॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं काम वाचायला मिळालं. १९८३ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सतत काळजी करणाऱ्या कॉलेजच्या मुलांना सांगितलं, की काळजी बंद करू नका, तिला वेळ नेमून द्या. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी बसून अर्धा तास काळजीच करायची. मध्येच आली तर तिला त्या वेळेवर ढकलायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. चार आठवड्यांत मुलांची काळजी कमी झाली. वाचता वाचता मी मोठ्यानं हसले. वॉर्डातल्या सिस्टरनं विचारलं, काय झालं? म्हटलं, आमची आत्या भेटली.

तुमच्यासाठी संध्याकाळी साडेपाच ठरवू, पतसंस्थेतून आल्यावर. जागा पलंगावरची नको आणि टीव्हीसमोरचीही नको. मागच्या दारी पायरी असेल तर उत्तम. एक वही घ्या. रात्री जाग आली की उशाशी ठेवलेल्या कागदावर एकच शब्द लिहायचा, ‘हप्ते’ किंवा ‘साखरपुडा’, आणि स्वतःला सांगायचं, साडेपाचला. हा नकार नाही, तारीख देणं आहे. कोर्टात तारखेनं माणसं हैराण होतात, मन मात्र तारखेवर विश्वास ठेवतं. फक्त तुम्ही त्या तारखेला हजर राहायला हवं. साडेपाचला तो कागद उघडून एकेक शब्द निवडायला घ्यायचा. ज्यावर आपल्या हातून काही होण्यासारखं आहे, त्यापुढे ते काम लिहायचं. नणंदेला फोन करणं हे काम आहे. ‘त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले’ एवढं म्हणायला दोन मिनिटं लागतात. तुम्ही त्यावर चार महिने घालवलेत. गॅस झोपण्याआधी एकदा हात लावून, तोंडानं ‘बंद’ म्हणून तपासायचा, दुसऱ्यांदा उठायचं नाही. मुलाच्या कंपनीचं मात्र तुमच्या हातात काही नाही. तिथे अर्धा तास मनसोक्त काळजी करा, रडू आलं तर रडा. सहा वाजले की उठायचं.

माणसं चुकतात ती दोन ठिकाणी. आठवड्याभरात बरं वाटतं आणि ‘आज काळजी नाही’ म्हणून बसायचं टाळतात. टाळू नका. डब्यात तांदूळ कमी असले तरी आत्या सूप घेऊन बसायचीच. दुसरी चूक म्हणजे चार दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडून देणं. निवृत्तीनंतर माझे पेन्शनचे कागद अडकले होते, तेव्हा मी स्वतः हे केलं. पहिले दहा दिवस काळजी तीनलाही यायची आणि साडेपाचलाही. म्हणजे दुप्पट! तिसऱ्या आठवड्यात फरक पडला.

आणि पलंगाचं. पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत या. रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये हा मार्ग सांगितला आणि निद्रानाशावर आजही तो वापरतात. पलंगावर जागं पडून विचार करत राहिलं, की पलंग हीच विचार करायची जागा होऊन बसते. किती वाजले हे बघायला मोबाइल उचलायचा नाही. वाजलेले कळले की उरलेल्या तासांची वजाबाकी सुरू होते. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच, रविवारीसुद्धा.

शेवटचं आणि महत्त्वाचं. तुम्ही ४८च्या आहात. रात्री घाम फुटून जाग येते का? पाळी मागेपुढे होतेय का? या वयात त्यानंही झोप मोडते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. सगळं खापर मनावर फोडायची आपल्याकडच्या डॉक्टरांना आणि नवऱ्यांना फार हौस असते.

प्रश्न : मॅडम, वय २७. गाव जत तालुक्यात. चार वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतोय. या वेळी पूर्व निघाली, मुख्य परीक्षेत अकरा मार्कांनी गेलं. पुढच्या महिन्यात चुलतबहिणीचं लग्न आहे, पण मी जाणार नाही. सगळे एकच विचारतात, ‘काय चाललंय सध्या?’ दिवाळीलाही गेलो नव्हतो. रूममेट म्हणतो, लोकांचा विचार करू नको. पण अभ्यासिकेत बसलो तरी त्या मांडवातच असल्यासारखं वाटतं. वडिलांनी दोन एकर गहाण टाकलीय.
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : अरे, तुझं नाव पत्रात नाही, म्हणून ‘बाळा’ म्हणते. रागावू नकोस.

तू लग्नाला जाणार नाहीस, पण मांडवात रोज जातोयस. अभ्यासिकेची फी भरून.

अल्बर्ट एलिस नावाचा एक माणूस होता. पुढे त्यानं १९५५च्या सुमारास मानसोपचाराची एक नवी पद्धत उभी केली. मराठीत आपण तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतो. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. एलिसशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. तर हा एलिस १९ वर्षांचा असताना मुलींशी बोलायला इतका घाबरायचा, की त्याची जीभच उचलायची नाही. एका उन्हाळ्यात त्यानं स्वतःला हुकूम सोडला. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली, की शेजारी बसून एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. महिन्याभरात तो सुमारे शंभर जणींशी बोलला. भेटायला यायचं कबूल केलं एकीनं, आणि तीही आली नाही! हिशेब मांडला तर शंभरात शून्य. पण शंभर नकारांनी आभाळ कोसळलं नाही. कुणी पोलिसांना बोलावलं नाही, कुणी दगड मारला नाही. त्याची भीती गेली. (आज हा प्रयोग कुणी सारसबागेत करू नये. पोलीस येतील, आणि बरोबरच करतील.)

एलिस म्हणायचा की आपल्याला घटना तेवढी छळत नाही, जेवढा तिच्यावर आपण लादलेला हट्ट छळतो. इंग्रजीत त्याला यासाठी शब्द शोधावा लागला. आपल्या भाषेत एक अक्षर पुरतं, ‘च’. ‘मी अधिकारी व्हायला हवं’ ही इच्छा झाली. तिच्यासाठी रात्रीचे दिवस करता येतात. ‘मी अधिकारी झालोच पाहिजे, नाहीतर तोंड दाखवायला जागा नाही’ हा ‘च’ झाला, आणि त्याखाली अभ्याससुद्धा होत नाही. तुझ्या पत्रातून मी हा ‘च’ काढून वाचलं. अकरा मार्क कमी पडले, जमीन गहाण आहे, लोक विचारतात. तिन्ही गोष्टी खऱ्या, तिन्ही त्रासाच्या. पण यातली एकही लपून बसण्यासारखी नाही.

लग्नाला जा. जाण्याआधी एक उत्तर पाठ कर, खोलीत मोठ्यानं दहा वेळा म्हण. ‘मुख्यला अकरा मार्कांनी गेलं. परत देतोय.’ बस्स. पुढे कारणं नाहीत, पेपर कसा अवघड होता ते नाही, आयोगाचा उद्धार नाही. उत्तर दिल्यावर गप्प राहायचं आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. ही गप्प राहायची चार-पाच सेकंदं फार जड जातील. ती काढण्यासाठीच तुला पाठवतेय. आणि खिशात एक कागद ठेव. किती जणांनी विचारलं त्याच्या रेघा एका बाजूला, त्यातले किती जण उत्तर संपेपर्यंत थांबले त्याच्या दुसऱ्या बाजूला. माझा अंदाज आहे, निम्मे जण तुझं वाक्य संपायच्या आत ‘जेवलास का?’ वर गेलेले असतील. लग्नात तो प्रश्न चौकशी नसून दुसऱ्या तऱ्हेचा रामराम असतो. एखादा आत्याबाईसारखा खोदत बसेल, तर त्याला माझ्या वतीनं विचार, ‘काका, तुमचं काय चाललंय सध्या?’

अजून किती अटेम्प्ट द्यायचे, हे मी सांगणार नाही. मात्र ते प्रत्येक निकालाच्या रात्री ठरवायचं नसतं. डोकं शांत असताना वडिलांबरोबर बसून, जमिनीचा आकडा मध्ये ठेवून, एक तारीख ठरव आणि तोवर दुसरी कुठली कमाई जमेल तेही लिही. त्यांना विचारताना तुला जी लाज वाटेल, तीसुद्धा बोटॅनिकल गार्डनच समज.

एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस, पण मी विचारते, कारण पेठेतल्या त्या खोल्या मला ठाऊक आहेत. कधी सगळं संपवावं असं वाटतं का? वाटत असेल तर लग्न, अभ्यास सगळं बाजूला ठेव आणि १४४१६ लाव. मानसिक त्रासात फोनवर मदत करणारी सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, रात्रंदिवस मोफत चालते, मराठीत बोलता येतं. आणि त्याच रात्री रूममेटला सांग. सल्ला देण्यात कच्चा असला, तरी पोरगा जवळ आहे.

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. वय ६९. सात महिन्यांपूर्वी, आषाढात, पत्नी गेली. तिचा मोबाइल मी अजून रोज रात्री चार्जिंगला लावतो. एकदा माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला. आतल्या खोलीत तिची रिंग वाजली. बरं वाटलं, आणि मग भीती वाटली. आपलं डोकं ठिकाणावर आहे ना? तिचा रिचार्ज ८४ दिवसांचा असतो. या महिनाअखेर संपतोय. मुलगी म्हणते, ‘बाबा, आईचा विचार किती कराल, बंद करून टाका तो नंबर.’ करू का? एरवी ठीक आहे. सकाळी दूध आणतो, संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर जातो. स्वयंपाक येत नव्हता, आता भाकरी सोडून बाकी जमतं.
— एक निवृत्त शिक्षक, कोरेगाव

उत्तर : गुरुजी, नमस्कार. डोकं ठिकाणावर आहे.

एके काळी आमच्या शास्त्रात असंच शिकवत, की शोक पूर्ण व्हायचा तर गेलेल्या माणसात गुंतलेलं मन एकेक धागा सोडवून काढून घ्यायला हवं. १९१७ मध्ये सिग्मंड फ्रॉइडनं तसं लिहिलं होतं. मग १९२० मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत त्याची मुलगी सोफी गेली. नऊ वर्षांनी, ज्या दिवशी ती ३६ वर्षांची झाली असती, त्या दिवशी त्यानं एका मित्राला पत्र लिहिलं. त्या मित्राचा मुलगा गेला होता. त्यात त्यानं जे म्हटलं त्याचा आशय असा, की तीव्र दुःख ओसरतं, पण त्या माणसाची जागा भरत नाही, आणि भरत नाही हेच बरोबर आहे. धागे सोडवा म्हणणाऱ्यालाच आपला धागा सोडवता आला नव्हता. पुढे १९९०च्या दशकात डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन वगैरे अभ्यासकांनी उघडच मांडलं, की गेलेल्याशी नातं तोडणं गरजेचं नसतं, ते दुसऱ्या रूपात चालू राहतं. आपल्याकडे पितृपंधरवड्यात पान वाढून कावळ्याची वाट बघतात, तेव्हा त्याला कुणी आजार म्हणत नाही. तुम्ही चार्जर लावता, एवढाच फरक.

तुम्ही जेवण सोडलं असतं, अंघोळ सोडली असती, ‘मलाही तिच्याकडे जायचंय’ असं लिहिलं असतं, किंवा पलीकडून ती फोन उचलेल असं तुम्हाला खरोखर वाटत असतं, तर आजच डॉक्टरांकडे जा म्हटलं असतं. तसं काही नाही. दूध आहे, कट्टा आहे. भाकरीचं म्हणाल तर ती मलाही येत नाही. नवऱ्याला येते.

रिचार्ज करा. पुढच्या ८४ दिवसांनी पुन्हा ठरवू. नंबर बंद केला तर कंपनी तो काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला देते, आणि मग तुम्ही लावल्यावर आतल्या खोलीत काही वाजणार नाही, पलीकडून अनोळखी माणूस ‘कोण बोलतंय?’ म्हणेल. त्याची तयारी आज नाही, तर घाई कशाला? मध्यंतरी दोन कामं करा. तिच्या नंबरवर गॅसचं बुकिंग, बँकेचं खातं असं काही जोडलेलं असेल तर ते तुमच्या नंबरवर करून घ्या. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तिचे आवाजाचे निरोप असतील, तर ते दुसरीकडे उतरवून ठेवा. एखाद्या दिवशी फोनच पडेल, बिघडेल. शेजारच्या कॉलेजातल्या पोराला दहा मिनिटांचं काम आहे.

मुलीचं ऐकू नका असं मात्र मी म्हणत नाही. तिचीही आई गेलीय. तिच्या फोनमध्ये ‘आई’ या नावानं तो नंबर असणारच. पुढच्या खेपेला ती आली, की चहा झाल्यावर तिला विचारा, तू कधी लावून बघितलास का गं? काय म्हणाली, ते मला कळवलं नाहीत तरी चालेल.